गळ टाकून बसलेला माणूस

नदीच्या पुलावरून जाताना खाली काठावर गळ टाकून बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. दगडावर उकिडवा बसलेला. हातात काठी. नजर पाण्यावर. येणारेजाणारे त्याच्याकडे बघतात आणि काहीतरी बोलून पुढे जातात. कुणी म्हणतं, "बसलाय बगळ्यासारखा." कुणी म्हणतं, "ह्याला दुसरा उद्योग नाही."

आम्हीही एके काळी असंच म्हणत होतो. आमचं गाव कृष्णाकाठचं. शाळा नदीपासून हाकेच्या अंतरावर. शाळेच्या खिडकीतून डोह दिसायचा आणि डोहाकाठी रोज कोणी ना कोणी गळ टाकून बसलेला असायचा. आम्ही त्याच्याकडे बोट दाखवून मुलांना सांगत असू, "शिकला नाहीत तर असे बसाल."

हे आमचं बोलणं चुकीचं होतं. ते कसं, हे आधी सांगतो. मग गळाची आणि गळवाल्यांची हकीकत सांगतो.

१९८६ सालची गोष्ट. आमच्याकडे पाचवीचा वर्ग होता. वर्गात एक मुलगा होता. पोरगा हुशार. तीसपर्यंत पाढे तोंडपाठ. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर. विचारलं तर मान खाली घालून उभा राहायचा. एक दिवस मधल्या सुट्टीत आम्ही नदीवर गेलो. पोरगा डोहाकाठी गळ टाकून बसला होता. आम्ही त्याला कानाला धरून वर्गात आणलं आणि सगळ्यांच्या समोर छड्या मारल्या. त्याचा गळ आणि दोरी जप्त करून कपाटात टाकली.

संध्याकाळी त्याची आई आमच्या घरी आली. भांडायला नव्हती आली. पायरीखाली उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, मारलंत ते बरोबरच केलंत. पण तेवढा गळ परत द्या. मालक अंथरुणाला खिळल्यात. मला रोजगार लागला नाही, की त्या दिवशी ह्याच्याच माशांचं कालवण असतं आमच्यात."

आम्ही गळ दिला. पण पोरगा पुन्हा शाळेत आला नाही. दोनदा बोलवायला गेलो. दोन्ही वेळा तो मागल्या दाराने निघून गेला. पाचवीतच त्याची शाळा संपली. ही गोष्ट पुष्कळ वर्षं आम्ही कुणापाशी बोललो नव्हतो.

त्या दिवसापासून आम्हांला एक खोड लागली. कुठेही गळवाला दिसला, की त्याच्याजवळ जाऊन बसायचं. थोड्या वेळाने विचारायचं, "बाबा, तुम्ही गळ कशासाठी टाकता?" ह्या प्रश्नाला इतकी निरनिराळी उत्तरं मिळाली, की त्यांचंच हे प्रकरण झालं.

गळ म्हणजे काय हे तुम्हांला सांगायला नको. पोलादी तारेचा वाकडा आकडा. त्याच्या टोकाला आतल्या बाजूने एक बारीक उलटा काटा. हा उलटा काटा हीच त्यातली खुबी. टोक आत शिरतं ते सहज शिरतं, पण मागे ओढलं की काटा अडतो. गळाला दोरी. पूर्वी सुताची किंवा तागाची असायची, आता नायलॉनची तंगूस. दोरीला थोडं शिसं, म्हणजे आमिष खाली जाईल. वर मोरपिसाचं देठ किंवा बुचाचा तुकडा, म्हणजे मासा टोचायला लागला की वर कळेल. आमिष म्हणून गांडूळ, कणकेची गोळी, झिंगा, नाहीतर लहानसा बेडूक. सगळं सामान एका मुठीत मावतं.

मग कौशल्य कशात? ते माशाला ओळखण्यात. माशाला पापण्या नसतात, म्हणून त्याचे डोळे सदा उघडे. काठावरच्या माणसाची सावली पाण्यावर पडली की तो सटकतो. त्याचे कान बाहेरून दिसत नाहीत, पण आत असतात. शिवाय त्याच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. त्या रेघेने त्याला पाण्यातला हलकासा धक्काही कळतो. काठाने कोणी धपधप चाललं, तर तो हादरा जमिनीतून पाण्यात जातो आणि मासा दूर होतो. बोलण्याचं तसं नाही. हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही. तेव्हा गळवाल्याने हळू बोललं तर काही बिघडत नाही, पण पाय मात्र आपटू नयेत. उन्हाळ्यात भर दुपारी काठाला मासा लागत नाही, त्यालाही कारण आहे. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. मग मासे खोल, थंड पाण्यात जातात. म्हणून पहाट आणि दिवस कलतानाची वेळ चांगली. ह्यातलं पुष्कळसं आम्ही पुस्तकात वाचलं, पण ते खरं असल्याचं आम्हांला न शिकलेल्या माणसांनी दाखवलं.

आता उत्तरांकडे येऊ.

सगळ्यांत जास्त वेळा मिळालेलं उत्तर एका शब्दाचं होतं. "कालवणाला." गळ टाकणाऱ्यांत मोठा भाग ह्याच माणसांचा. आम्ही एकाला विचारलं, की जाळ्यात एका फेकीत पाच-पंचवीस मासे येतात, मग एकेक मासा काढत का बसता? तो हसला. म्हणाला, "गुरुजी, जाळ्याला पैसा लागतो. गळाला चिकाटी लागते. आमच्याकडं दोहोतलं एकच हाय." खरं आहे. जाळं महाग. ते फाटलं की विणत बसावं लागतं. नदीच्या धारेत ते एकट्याने आवरतही नाही. शिवाय धरणांच्या तलावांत मासेमारीचा हक्क ठेक्याने दिलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो. त्यांनी तलावात बोटुकली, म्हणजे माशांची लहान पिलं, विकत आणून सोडलेली असतात. त्यांचंही त्यावर पोट आहे. मग त्याच गावचा माणूस गळ घेऊन तलावावर गेला, की कधी कधी बाचाबाची होते. धरणात ज्याची जमीन गेली, तो म्हणतो, पाण्याखाली माझं शेत आहे, मी एक मासा काढला तर काय झालं? संस्थेचा माणूस म्हणतो, पाणी तुझ्या शेतावर असेल, पण मासा आमच्या पैशाचा आहे. दोघांचं म्हणणं खोटं नाही. आमच्या मते अशा तलावावर गळाने एका घरापुरते मासे काढायची मुभा संस्थेने ठेवावी. परवानगी मात्र आधी विचारून घ्यावी. भांडणानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

कोकणात समुद्रकाठी ह्या कामाला गरवणं म्हणतात आणि गळाला गरी. शेतातलं काम आटोपलं, भरतीची वेळ साधली, की माणूस खडपावर जाऊन उभा राहतो. तांबोशी, गोबरा असे खडकाजवळचे मासे गरीला लागतात. लागला तर लागला, नाहीतर घरी सुकट आहेच. तिथे एक गोष्ट मात्र कोकणातली माणसं बजावून सांगतात. पाठ समुद्राकडे करून गरीला आमिष लावू नये. लाट सांगून येत नाही.

दुसरं उत्तर जिभेचं. ही माणसं खाऊनपिऊन सुखी असतात. बाजारात मासा मिळतो, विकत घ्यायची ऐपतही असते. पण बर्फातला मासा त्यांना चालत नाही. त्यांना पाहिजे मरळ, वाम, शिंगटी, आणि तीही जिवंत. अशा एका गृहस्थांनी आम्हांला मरळीच्या कालवणाचं इतकं वर्णन ऐकवलं, की गळाकडे दोघांचंही लक्ष राहिलं नाही आणि आमिष केव्हाच खाऊन गेलं होतं.

ह्या मंडळींना एक गोष्ट सांगावीशी वाटते. मरळ हा मासा आपली पिलं सांभाळतो. पिलं लालसर रंगाची असतात आणि थव्याने पाण्याच्या वरच्या थरात फिरतात. आईबाप खालून राखण करतात. जवळ काही आलं की त्याच्यावर झेप घेतात. काही गळवाले नेमके त्या थव्यात बेडूक टाकतात. मरळ तो खायला येत नाही, पिलांपासून हाकलायला येते आणि गळाला लागते. एक मासा मिळतो, पण मागची शेकडो पिलं उघड्यावर पडतात. इतर मासे त्यांना खाऊन टाकतात. कोंबडी पिलांवर बसली असता आपण तिला कापत नाही. इथेही तेच समजावं.

तिसऱ्या तऱ्हेचं उत्तर मिळायला आम्हांला फार दिवस लागले. एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर रोज दुपारी चारला डोहावर येत. काठी चांगली, बसायला घडीचं स्टूल, पाण्याची बाटली. पण पिशवीत मासा क्वचित दिसायचा. मिळालाच तर शेजारी बसलेल्या पोराला देऊन टाकत. आम्ही महिनाभर त्यांच्याजवळ बसलो. त्यांनी प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. मग एके दिवशी आपण होऊनच म्हणाले, "पस्तीस वर्षं गाडी चालवली. मागं पन्नास माणसं बोलायची. घरी गेलो की मंडळी बोलायची. आता मंडळी गेली, पोरं पुण्याला. घरात गप्प बसलं की घर खायला उठतं. इथं गप्प बसलं तर कुणाला वावगं दिसत नाही." एवढं बोलून त्यांनी दोरी वर ओढली. गळाला आमिषच लावलेलं नव्हतं.

अशी माणसं काही आजचीच नाहीत. इंग्लंडात आयझॅक वॉल्टन नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. लंडन शहरात दुकानदार होते. त्यांच्या काळात त्या देशात राजाचा पक्ष आणि पार्लमेंटचा पक्ष ह्यांच्यात मोठं युद्ध झालं. राजाचा शिरच्छेद झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, १६५३ साली, वॉल्टनांनी पुस्तक छापलं ते गळाने मासे धरण्याविषयी! त्यात मासे आहेत, नदी आहे, आणि धांदल सोडून काठावर बसण्याचं सुख आहे. ते पुस्तक आजतागायत छापलं जातं. वॉल्टन नव्वद वर्षं जगले. गळामुळे जगले असं आम्ही म्हणत नाही.

आता चौथा प्रकार. आपल्या खेड्यातल्या माणसाला हा सगळ्यांत अवघड वाटतो. शहरातून चारचाकी येते. त्यातून चार जण उतरतात. प्रत्येकाजवळ रीळ लावलेली भारी काठी. पेटीत रंगीत धातूचे, रबराचे खोटे मासे. उन्हातान्हात दिवसभर गळ फेकतात. मासा लागला की अर्धा अर्धा तास त्याला दोरी सोडतात, ओढतात, पुन्हा सोडतात. मासा थकला की काठाला घेतात. वजन करतात. फोटो काढतात. आणि पाण्यात सोडून देतात! आमच्या गावात असं पहिल्यांदा झालं तेव्हा पारावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. एक म्हातारी म्हणाली, "खायाचा न्हाई तर मग त्या जिवाला घोळसला कशाला?"

ह्यांना हौशी गळवाले म्हणू. मुंबईत पवईच्या तलावावर अशा हौशी लोकांची संस्था आहे. ही तऱ्हा आपल्याकडे मुख्यतः इंग्रजांच्या अमदानीत आली. हेन्री सलिव्हन टॉमस नावाचे साहेब मंगळूरकडे कलेक्टर होते. त्यांनी १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर एक पुस्तक लिहिलं. ह्या लोकांचं सगळं लक्ष एका माशावर असायचं. तो म्हणजे महसीर. डोंगरी नद्यांतला, मोठ्या खवल्यांचा, फार ताकदीचा मासा. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एका गृहस्थांनी १९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर गळाने धरला. म्हणजे सुमारे ५४ किलो. ज्वारीच्या अर्ध्या पोत्यापेक्षा जड! त्या काळी असे मासे सोडून देत नसत. पुढे मासे कमी झाले, तेव्हा सोडून देण्याची रीत वाढली.

त्या म्हातारीचा प्रश्न मात्र राहतोच. खायचं नाही तर धरायचा कशाला? हौशी लोक सांगतात, आम्हांला मासा नको असतो, झुंज पाहिजे असते. आमचं मन ह्यावर पुरतं बसत नाही. भुकेसाठी मासा धरणं आम्हांला समजतं. झुंजीसाठी धरणं समजत नाही. पण त्यांच्यात बसून एक गोष्ट आम्ही शिकलो, ती सगळ्यांच्या उपयोगाची आहे. लहान मासा लागला तर आपणही तो सोडतो. सोडतो म्हणजे गळ हिसकून काढतो आणि लांब भिरकावतो. तसा मासा बहुधा मरतो. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो थर त्याला रोगापासून राखतो. कोरड्या हाताने धरलं की तो निघून जातो. म्हणून आधी हात ओले करावेत. मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढावा. त्याला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांत हलकेच धरावं आणि तो आपल्या बळाने निघाला की जाऊ द्यावं. हौशी लोक तर गळाचा उलटा काटाच चिमट्याने दाबून टाकतात. म्हणजे जखम लहान होते.

आणि ह्या हौशी लोकांची आणखी एक सवय आहे. ते वही ठेवतात. कोणत्या दिवशी, कुठल्या जागी, किती तास बसलो, कोणता मासा मिळाला, वजन किती. ही सवय आम्हांला मास्तर म्हणून आवडली. तिचा केवढा उपयोग झाला ते ऐका.

आपल्या पुण्याजवळ मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या महसीराचं वर्णन साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली छापलं. आपल्या दख्खनच्या नद्यांतला हा महसीर पुढे फार कमी झाला. तेव्हा लोणावळ्याला वळवण धरणाच्या काठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकात त्याची अंडी उबवायचं काम सुरू केलं. माद्यांची अंडी काढून, नराच्या रेताशी मिसळून, ट्रेमध्ये वाहत्या पाण्यात पिलं तयार करायची. ती लाखो पिलं निरनिराळ्या नद्यांत सोडली गेली. २०२० साली निसर्गाची जागतिक नोंद ठेवणाऱ्या संस्थेने हा मासा धोक्याच्या यादीतून बाहेर काढला. ही झाली आनंदाची बाजू.

आता दुसरी बाजू. ही पिलं कर्नाटकात कावेरी नदीतही सोडली होती. कावेरीत आधीपासून तिथला स्वतःचा एक महसीर होता. पाठीला कुबड असलेला, ह्याहूनही मोठा होणारा. कावेरीकाठी हौशी गळवाल्यांचे तळ होते. तिथे धरलेला प्रत्येक मासा वहीत लिहून परत सोडत. अभयारण्यात गळ टाकण्यावर बंदी आली आणि २०१२ सालापासून ते बंद पडलं. शास्त्रज्ञांनी १९९८ ते २०१२ पर्यंतच्या त्या वह्या काढून बघितल्या. त्यांत दिसलं, की बाहेरून आणलेला महसीर वाढत गेला आणि कुबडाचा महसीर कमी कमी होत गेला. जे थोडे मिळत, ते मोठेच मिळत. लहान मिळतच नव्हते. म्हणजे घरात म्हातारी माणसं आहेत, पण पाळणा हलत नाही, असं झालं. बाहेरच्या माशाने हे घडलं असावं, असा शास्त्रज्ञांना दाट संशय आहे. २०१८ साली त्या कुबडाच्या माशाची शास्त्रीय ओळख नक्की झाली आणि त्याच वर्षी तो नाहीसा होण्याच्या उंबरठ्यावर असल्याचं जाहीर झालं. वह्या नसत्या, तर हे कुणाला कळलंही नसतं.

माशाला गळच न लावणारी माणसंही आपल्याकडे आहेत. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. त्यातले महसीर वरदायिनी देवीचे मानतात. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथे महादेवाचे मासे आहेत. लोक जातात, चुरमुरे टाकतात, मासे हाताशी येऊन खातात. धरत कोणी नाही. सरकारचा पहारेकरी नाही, तारेचं कुंपण नाही. पलीकडच्या वळणावर तोच माणूस गळ टाकील, पण कोंडात टाकणार नाही. नदीतला एक डोह राखून ठेवला, की तिथले मासे पावसाळ्यात वरखाली पसरतात आणि सगळ्या नदीला मिळतात. देवाच्या नावाने का होईना, ही राखण पिढ्यान् पिढ्या चालली आहे.

एका जातीच्या माणसाला मात्र आम्ही गळवाला म्हणत नाही, जरी तो नदीवरच दिसतो. तो सुरुंगाची कांडी टाकतो किंवा पाण्यात विष कालवतो. स्फोट झाला की हाताएवढे मासे वर येतात, पण बोटाएवढी पिलं, अंडी, झिंगे सगळं तळाशी मरून पडतं. कांडी हातात फुटून पंजा गेलेली माणसं आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. विषाचे मासे खाणारा आपल्या लेकरांना काय घालतो ते त्याचं त्यालाच माहीत. हा गुन्हा आहे, आणि तो आजचा नव्हे. १८९७ सालच्या कायद्यापासून तो गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट गुन्ह्यासारखी वाटत नाही, म्हणून जास्त घातक. पहिला पाऊस पडून ओढ्यांना पाणी आलं, की मासे धारेला लागून वर चढतात. हे चढणीचे मासे. कोकणात वळगणीचे म्हणतात. गावच्या गावं बुट्ट्या, काठ्या घेऊन धावतात. मौज असते, नाही म्हणत नाही. पण ते मासे वर जातात ते अंडी घालायला. त्यांची पोटं गाभोळीने भरलेली असतात. मोठ्या रोहूच्या पोटात लाखांनी अंडी असतात. जून-जुलैत समुद्रावर यांत्रिक नौकांना बंदी असते ती ह्याच कारणासाठी. ओढ्यावर बंदी कोण घालणार? ती आपणच घालायची. निदान गाभोळीची मादी गळाला लागली तर तेवढी सोडावी.

आता त्या पाचवीतल्या पोराचं काय झालं ते सांगून थांबतो. तो आता पन्नाशीला आला आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही गावात प्रौढांचा वर्ग सुरू केला, तेव्हा तिसऱ्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला. आम्ही ओळखलं. त्यानेही ओळखलं. छड्यांचं कुणी काही बोललं नाही. आम्ही "या" म्हटलं, तो येऊन मागे बसला. पाढे अजून येत होते. अक्षरं मात्र विसरला होता. ती सहा महिन्यांत परत आली.

एक दिवस आम्ही वर्गात कावेरीच्या वह्यांची गोष्ट सांगितली. त्याने दुसऱ्या दिवशी दुकानातून शंभर पानी वही आणली. तो अजून डोहावर बसतो. आता पोट मजुरीवर चालतं, पण सवय सुटलेली नाही. वहीत तो तारीख लिहितो, माशाचं नाव लिहितो, आणि वितीने मोजून लांबी लिहितो. वजनकाटा त्याच्याकडे नाही. परवा ती वही त्याने आम्हांला दाखवली. पानोपान एकच नाव. चिलापी, चिलापी, चिलापी. हा मासा आफ्रिकेतला. १९५२ साली आपल्या देशात आणला. त्याची मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे पिलं जगतात आणि पाणी भरून जातं. त्याच्या लहानपणी गळाला लागायची ती खवली आणि वाम गेल्या दोन पावसाळ्यांत वहीत दोनदाच आली होती. "हे मला तोंडानं ठाऊक हुतं," तो म्हणाला, "पण लिहिलेलं बघून धस्स झालं."

मग त्याने विचारलं, "गुरुजी, ज्या दिवशी काहीच लागत न्हाई, तो दिवस लिहायचा का सोडायचा?"

आम्ही म्हटलं, तोही लिहायचा. किती वेळ बसलात तेही लिहायचं. त्याने खिशातून पेन काढलं, वहीत पट्टीने एक नवीन उभी रेघ मारली आणि तिच्या डोक्यावर लिहिलं : 'वेळ'.